बी. फार्म.ला यंदाच अर्ज करू की एक वर्ष थांबू?

एका मुलीचं पत्र आलं आहे. तिचा प्रश्न थोडक्यात असा. तिची यंदा बारावी झाली, पीसीबी ग्रुप, बोर्डात 64 टक्के. दोन वर्षं लातूरला राहून नीटची तयारी केली, पण गुण मनासारखे आले नाहीत. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, फारसा अभ्यास न करता दिली, त्यात 74 पर्सेंटाइल. चुलत्यांचं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. ते म्हणतात डी. फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) कर आणि दुकान सांभाळ. आई म्हणते एक वर्ष घे आणि नीट पुन्हा दे. तिला स्वतःला फार्मसी करावीशी वाटते, पण चांगलं कॉलेज मिळावं म्हणून सीईटी परत देऊन पुढच्या वर्षी अर्ज केला तर बरं का, असं ती विचारते. ओबीसीचा दाखला आहे, जात वैधता प्रमाणपत्र अजून हातात नाही.

मी फार्मसी कॉलेजात शिकवतो. त्याआधी काही वर्षं औषध कंपनीत उत्पादन विभागात होतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर कागदपत्रं तपासायला बसतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर दर जुलैत येतो आणि बहुतेक वेळा आईवडिलांसकट येतो.

तुला आधी उत्तर देतो, मग कारणं. अर्ज यंदाच भर. प्रवेश घ्यायचा की नाही, हे जागा लागेल तेव्हा ठरव.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, नोंदणी करायला हजाराच्या आसपास खर्च येतो. त्याने तू कुठल्याही कॉलेजला बांधली जात नाहीस. उलट नोंदणीच केली नाही, तर पुढे मन बदललं तरी कॅपमधून जागा मिळत नाही. मग उरतात त्या संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागा. तिथे पूर्ण फी आणि शिष्यवृत्तीवर पाणी. तुझ्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. जुलै 2024च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही माफी नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही.

आता वेळापत्रकाचं. इंजिनिअरिंगच्या मुलांचे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात, म्हणून आपलेही होतील असं पालक धरून चालतात. फार्मसीचं तसं राहिलेलं नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची कॉलेजांना मिळणारी मान्यता उशिरा येते, आणि ती आल्याशिवाय कॅपच्या फेऱ्यांत त्या कॉलेजच्या जागा धरता येत नाहीत. त्यामुळे गेल्या काही वर्षांत नोंदणी जुलैत झाली तरी जागावाटप पार ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबलं आहे. गुणवत्ता यादीत नाव आहे आणि पुढे महिनोन्‌महिने काहीच हालचाल नाही, अशी मुलं दर आठवड्याला फोन करतात. काही कंटाळून बी. एस्सी.ला जातात. काहींचे पालक घाबरून एखाद्या संस्थेत थेट पैसे भरून मोकळे होतात. या घाईत फार नुकसान होतं. उशीर झाला म्हणजे जागा गेली असं नसतं. त्या वर्षी सगळ्यांनाच उशीर झालेला असतो.

हातात काहीतरी असावं म्हणून बी. एस्सी.ला प्रवेश घ्यायचा असेल तर जरूर घे. फक्त तिथे शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करावा लागतो, आणि फार्मसीची जागा लागली की रिपोर्टिंगला मोजकेच दिवस असतात. दाखला परत मिळायला किती दिवस लागतात, हे त्या कॉलेजच्या कार्यालयात आधीच विचारून ठेव.

हा उशीर तुझ्या निर्णयाशी थेट जोडलेला आहे, कारण नीटच्या रिपीटर बॅचा जून-जुलैतच सुरू होतात. फार्मसीची जागा हातात येईल तेव्हा तिकडे तुझे तीन-चार महिने झालेले असतील आणि क्लासची फीही भरलेली असेल. आईला हे आत्ताच सांग, म्हणजे ऑक्टोबरात ‘आता पैसे भरलेत’ हे एकच कारण निर्णय घेणार नाही.

तू थांबण्याची दोन कारणं सांगितली आहेस. दोन्हींचा हिशेब निराळा आहे.

पहिलं नीट. पुन्हा बसून फायदा होणारी मुलं मी पाहिली आहेत. एकीला परीक्षेच्या तोंडावर टायफॉइड झाला होता. एकाचा अभ्यासक्रमच पुरा झाला नव्हता, कारण तयारी बारावीच्या दिवाळीनंतर सुरू केली होती. अशांच्या गुणांत वर जायला खरोखर जागा असते. पण दोन वर्षं पूर्णवेळ तयारी झाली, सगळ्या सराव परीक्षा दिल्या, आणि शेवटच्या पाच-सहा सराव परीक्षांतले गुण जवळपास तेवढेच राहिले, तर तिसरं वर्ष बहुधा तेच देतं. तुझ्या सराव परीक्षांचे आकडे काढ आणि आईबरोबर बसून बघ. जीवशास्त्रात गुण आहेत आणि भौतिकशास्त्रात उणे गुणांनी खाल्लं, असं चित्र असेल, तर ते भौतिकशास्त्र याच पद्धतीने अजून दहा महिने केल्याने बदलेल का, असा नेमका प्रश्न स्वतःला विचार. डॉक्टर व्हायचंच आहे हे तुझं स्वतःचं म्हणणं असतं तर मी वेगळं बोललो असतो. तुझ्या पत्रात ते आईचं म्हणणं आहे.

बी. फार्म.ला प्रवेश घेऊन शेजारी नीटची तयारी करायची, हा मधला मार्ग अनेकांना सुचतो. त्याच्या विरोधात मी ठाम आहे. फार्मसीला थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळी 80 टक्के हजेरी लागते. एक सत्र किमान 100 कामकाजाच्या दिवसांचं असतं. म्हणजे नोव्हेंबरात सुरू झालेलं पहिलं सत्र मार्चपर्यंत जातं, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात नीट असते. रोज दुपारी चार-चार तास प्रयोगशाळेत उभं राहून आल्यावर रात्री नीटचा पेपर सोडवायचा, हे दोन-तीन महिने जमतं. मग मानवी शरीररचना आणि असेंद्रिय औषधी रसायनशास्त्र दोन्ही विषय राहतात आणि नीटही हुकते. त्यातून उठायला मुलांना तिसरं वर्ष उजाडतं. जे करायचं ते एक कर.

दुसरं कारण सीईटीचं. तुझी सीईटी नीटच्या सवयीने दिलेली दिसते. पीसीबी ग्रुपला 180 मिनिटांत 200 प्रश्न असतात: जीवशास्त्राचे 100, भौतिक आणि रसायनचे 50-50. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. भर बारावीच्या राज्य मंडळाच्या पुस्तकांवर असतो, अकरावीचा वाटा साधारण 20 टक्के. उणे गुणांच्या भीतीने प्रश्न सोडायची सवय लागलेली मुलं इथेही प्रश्न सोडून येतात आणि विनाकारण मागे पडतात. त्यामुळे सीईटीची व्यवस्थित तयारी केलीस तर पर्सेंटाइल वाढेल, यात मला फार शंका नाही. 2026 पासून सीईटी वर्षातून दोनदा घ्यायचंही जाहीर झालं आहे, म्हणजे एका वर्षात दोन संधी.

तरी विचार करायचा तो वाढलेल्या पर्सेंटाइलने काय मिळणार याचा. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी इथली शासकीय कॉलेजं, मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), कलिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, नागपूर विद्यापीठाचा विभाग, अशा ठिकाणी जायचं तर साधारण नव्वदीच्या बरंच वर लागतं. तुझ्या प्रवर्गाला थोडं कमी चालेल. तिथपर्यंत पोचण्याची तुझी खरी तयारी असेल, तर वर्ष द्यायला हरकत नाही. पण 74 चे 84 होणार असतील, तर तू एका खासगी कॉलेजातून दुसऱ्या खासगी कॉलेजात जाशील, फार तर गाव बदलेल. तेवढ्यासाठी एक वर्ष घालवू नकोस. बोर्डाच्या गुणांची काळजी इथे करायची नाही. ते पात्रतेपुरते बघतात, गुणवत्ता यादी सीईटीवर लागते.

आणि फार्मसीत पुढे आणखी एक संधी येते, तिचा विचार बारावीत कोणी करत नाही. बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षी जीपॅट ही एम. फार्म.साठीची राष्ट्रीय परीक्षा देता येते. त्या गुणांवर एम. फार्म.ला चांगल्या संस्थेत जागा मिळते आणि नियमात बसल्यास महिना 12,400 रुपये विद्यावेतनही मिळतं. नायपर या केंद्र सरकारच्या औषधशास्त्र संस्थांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे, तिलाही जीपॅट लागते. साध्या, पण शिकवणाऱ्या कॉलेजातून निघून पुढे मोहालीच्या नायपरला गेलेली मुलं आहेत. चार वर्षं मन लावून केलेला अभ्यास तिथे उपयोगी येतो. बारावीनंतरचं दहा पर्सेंटाइल तिथे कोणी विचारत नाही.

‘शिकवणाऱ्या कॉलेजातून’ असं मी मुद्दाम म्हटलं. फार्मसी कौन्सिलने 2019 मध्ये नवीन कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. बंदी घालण्याची पद्धत कायद्याला धरून नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये ती रद्द ठरवली. त्यानंतर आपल्या राज्यात कॉलेजं भराभर निघाली. त्यातली काही मनापासून चाललेली आहेत. काहींत प्रयोगशाळेत उपकरणांवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही आणि शिक्षक तपासणीच्या दिवसापुरते दिसतात. मला याची चीड आहे, कारण भोगावं मुलांना लागतं. दर वर्षी खूप जागा रिकाम्या राहतात, म्हणून अशा कॉलेजांची माणसं जुलैपासून बारावीच्या मुलांच्या घरी फोन करतात, आजच पैसे भरा नाहीतर जागा जाईल म्हणतात. तसा फोन आला की समज, त्या कॉलेजला तुझी जास्त गरज आहे.

कॉलेज बघायला कामाच्या दिवशी दुपारी जा. प्रात्यक्षिकं चालू आहेत का बघ. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार: यंत्रांवर स्वतः हात चालवायला मिळतो का, की एक जण करतो आणि पंचवीस जण वहीत उतरवतात? मागच्या दोन वर्षांचा विद्यापीठाचा निकाल माग. आणि फार्मसी कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचं नाव, अभ्यासक्रम आणि तुझ्या प्रवेशाचं वर्ष, तिन्ही जुळतात का ते स्वतः तपास. फार्मसी कायदा 1948 चा आहे, त्याच्या कलम 12 खाली मान्यता नसलेल्या ठिकाणचा कागद घेऊन राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होत नाही. नोंदणीविना फार्मासिस्ट म्हणून काम करता येत नाही, मग पदवीची चौकट कितीही देखणी असो.

काकांच्या म्हणण्याकडे येतो. त्यांचं म्हणणं हलकं समजू नकोस. दुकान चालवायचं हे नक्की असेल, तर डी. फार्म. हा सरळ रस्ता आहे. त्याला सीईटी लागत नाही, तंत्रशिक्षण संचालनालय बारावीच्या गुणांवर प्रवेश देतं. दोन वर्षांचा अभ्यास, त्यानंतर तीन महिन्यांत 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. नोंदणीआधी द्यायच्या एक्झिट परीक्षेचे नियम 2022 मध्ये आले आहेत. तुझ्या तुकडीला ती कशी लागू होईल, हे महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या ताज्या सूचनांत बघूनच पुढे जा. जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकारी पदालाही डिप्लोमा चालतो. गावातलं मेडिकल नीट चालवणारी, प्रिस्क्रिप्शन वाचून दोन औषधं एकत्र घेतली तर काय होईल हे रुग्णाला समजावणारी मुलगी, ही आपल्या खेड्यांची मोठी गरज आहे. हे काम मी पदवीपेक्षा कमी मानत नाही.

पण काकांना हवी आहेस ती काउंटरवर उभी राहणारी फार्मासिस्ट, की भिंतीवर लावायला तुझं नोंदणी प्रमाणपत्र? हा प्रश्न अवघड आहे, तरी घरात विचार. प्रमाणपत्र एकाचं आणि दुकानात दुसराच, हा प्रकार बेकायदेशीर आहे, आणि चूक झाली तर कारवाई ज्याचं प्रमाणपत्र आहे त्याच्यावरही होते. मुलीच्या बाबतीत आणखी एक. लग्नानंतर गाव बदललं आणि प्रमाणपत्र इकडेच दुकानात अडकलं, तर तुझी स्वतःची नोकरी थांबते. हे घडलेलं मी पाहिलं आहे.

कंपनीत जायचं मनात असेल तर पदवीच घे. उत्पादनावर देखरेख करणारी कायद्याने मान्य अधिकृत व्यक्ती व्हायचं, औषध निरीक्षकाची परीक्षा द्यायची, तर डिप्लोम्यावर भागत नाही. डी. फार्म. करून थेट बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तो मार्ग चांगला आहे. दोन आणि तीन मिळून पाच वर्षं होतात, शिवाय प्रशिक्षणाचे महिने. घरी पैशांची ओढ असेल आणि दोन वर्षांत हातात काहीतरी यायला हवं असेल, तर मी हाच मार्ग सुचवतो. तशी ओढ नसेल तर थेट चार वर्षांची पदवी. फार्म. डी. सहा वर्षांचा आहे, शेवटचं वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. रुग्णालयातल्या कामाचीच आवड असेल तर त्याचा विचार कर. तो बी. फार्म. नंतरही तीन वर्षांत करता येतो, म्हणून आज त्यावर अडून बसायचं कारण नाही.

गॅपबद्दल पालकांना उगाच भीती असते. एक वर्षाचा खंड पडल्याने फार्मसीचा प्रवेश अडत नाही, प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं इतकंच. मुलाखती घ्यायचो तेव्हा मीही त्यावर कधी अडलो नाही. त्या वर्षात काय केलं, एवढं मात्र विचारायचो. काही ठरवून घेतलेलं वर्ष मुलं सांगू शकतात. निकाल वाईट लागला म्हणून घरातच राहिलेलं वर्ष सांगताना त्यांची जीभ अडखळते. म्हणून थांबायचंच ठरलं, तर कुठली परीक्षा, कुठली कॉलेजं आणि किती पर्सेंटाइल आले नाहीत तर पुढे काय, हे तिन्ही आत्ताच लिहून काढ आणि आईला वाचून दाखव.

आता तुझं सगळ्यात तातडीचं काम, आणि ते यातल्या कशावरही अवलंबून नाही. जात वैधता. हा अर्ज खरं तर अकरावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो. जिल्हा पडताळणी समितीला वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या नोंदी लागतात, जुन्या महसुली नोंदी लागतात, वंशावळ लागते, आणि एक कागद कमी पडला की महिना जातो. घरातल्या रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता झालेली असेल, तर ती सोबत जोड, काम खूप सोपं होतं. आज अर्ज कर आणि पावती जपून ठेव. नोंदणीच्या वेळी बऱ्याचदा पावतीवर भागतं, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. एका हुशार मुलाची शासकीय कॉलेजची जागा माझ्या डोळ्यांसमोर अशीच गेली. प्रमाणपत्र चार दिवस उशिरा आलं. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही यंदाच्या 31 मार्चला संपलेलं जुनं चालत नाही, यंदाच्या वर्षाला लागू असणारं काढ. तहसीलला जुलैत रांगा असतात, सेतू केंद्रात आधीच अर्ज टाक.

पसंतीक्रम भरताना जिथे जागा लागेल असं वाटतं त्या कॉलेजपासून सुरुवात करायची नाही. जिथे मनापासून जायचंय ते वर, मग उतरत्या क्रमाने. वर आवाक्याबाहेरचं कॉलेज टाकल्याने खालची संधी जात नाही. पण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर ती जागा पक्की धरली जाते, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाक जिथे तू खरंच जाणार आहेस. खालचा पर्याय लागला तर हजार रुपये स्वीकृती शुल्क भरून जागा धरून ठेवता येते आणि पुढच्या फेरीत चांगल्या पर्यायासाठी उभंही राहता येतं. प्रवेश घेऊन मन बदललं, तर अंतिम तारखेच्या आत रद्द केल्यास हजार रुपये वजा करून फी परत मिळते. त्या तारखेनंतर अनामत रकमेशिवाय काही मिळत नाही. ती तारीख प्रत्येक वर्षी वेगळी असते. सीईटी सेलचं वेळापत्रक लागलं की ती वहीत लिहून ठेव. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जागा हातात आल्यावर घरात जी चर्चा होईल, ती या तारखेच्या आत संपवायची आहे.